वर पाऊस नाही

बबिताचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा सिद्धोधन नुकतेच जेवून उठले होते आणि त्यांची थोरली मुलगी सुकेशनी ताटं उचलत होती. चुडाव्यात दुपारचे अडीच, म्हणजे आयर्लंडात सकाळचे दहा. साडेचार तासांचा हा हिशेब आता घरातल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. सगळ्यांच्या म्हणजे दोघांच्याच.

"जयभीम बाबा! जेवण झालं?"

पडद्यावर आधी आभाळ आलं, मग बबिताचं कपाळ, मग वाऱ्यानं तोंडावर आलेले केस आणि त्यांच्यामागे दूरवर पसरलेली ओली वाळू.

"झालं. डोक्याला कायतरी बांध की. कान भरतील वाऱ्यानं," सिद्धोधन म्हणाले.

"बांधलं होतं, उडालं. राजेश्री ते धरायला पळाली अन् आपटली."

"आपटले न्हाई काका, बसले होते!" मागून एका मुलीचा आवाज आला.

बबिता ही सिद्धोधनांची धाकटी. परभणीला अन्नतंत्रज्ञान शिकली आणि गेल्या सप्टेंबरात सरकारी शिष्यवृत्तीवर पुढच्या शिक्षणासाठी लिमरिकला गेली. नोव्हेंबरात आई गेली, तेव्हा तिला येता आलं नाही. आईचा अंत्यविधी तिनं फोनवर पाहिला. फोन सुकेशनीनं धरला होता. त्यानंतर बबिता पाच महिने खोली आणि कॉलेज सोडून कुठं गेली नव्हती. परीक्षा संपल्यावर राजेश्रीनं आणि नागेशनं तिला जवळजवळ ओढूनच बाहेर काढलं. राजेश्री नांदेडची, नागेश गंगाखेडचा. तिघांनी मिळून भाड्यानं एक पांढरी गाडी घेतली आणि आयर्लंडला फेरी मारायला निघाले. आज सहावा दिवस होता.

सहा दिवस सिद्धोधन घरबसल्या आयर्लंड हिंडत होते. दगडावर दगड रचून घातलेले शेतांचे बांध त्यांनी पाहिले. मेंढरांच्या पाठीवर निळे-लाल पट्टे पाहून "हे काय, पोळा हाय का त्यांचा?" असं विचारलं. तिथं गाडी आपल्यासारखी डाव्या अंगानंच चालवतात, हे कळल्यावर त्यांना त्या देशाविषयी जरा आपुलकी वाटायला लागली होती.

"आता कुठं हाईस?" त्यांनी विचारलं.

"गॉलवेच्या पुढं. पार कडेला. हे बघा, ते समोर बेट दिसतंय का? तिथं चालत जाता येतं. पाणी आटलंय सगळं."

"आटलंय? समुद्राचं?"

"हो ना. काल संध्याकाळी आलो तेव्हा होतं, आता बघा, नुसती वाळू. तिकडं जुनं पडकं चर्च हाय म्हणे. जाऊ का?"

ही बबिताची लहानपणापासूनची सवय. सहलीला जाऊ का, विज्ञान घेऊ का, लिमरिकला जाऊ का. उत्तर तिचं तिला ठाऊक असायचं, तरी बाबांनी 'जा' म्हटल्याशिवाय पाऊल उचलायची नाही. सुकेशनीही याच सवयीत वाढली होती.

सिद्धोधनांनी चष्मा वर केला. "वर पाऊस हाय का?"

बबितानं फोन आभाळाकडं फिरवला. स्वच्छ निळं आभाळ.

"अन् धरण?"

"समुद्राला कुठलं धरण, बाबा!" पलीकडं तिघं हसली. सिद्धोधनही हसले.

"हसा. मग पाणी येईल कुठून? जा बिनधास्त. गाडी मातर कडक वाळूवर लावा. टाच मारून बघा."

"मारली काका," नागेशनं मध्येच तोंड घातलं. "आपल्या गंगेत लावतो तशीच लावली हाय. एक नंबर कडक."

गंगा म्हणजे गोदावरी. उन्हाळ्यात गंगाखेडची, सोनपेठची माणसं जीप थेट पात्रात उतरवतात, वाळूवर सावली धरून डबे सोडतात. वर पाऊस पडला नाही, धरणाचे दरवाजे उघडले नाहीत, तर नदी जागची हलत नाही. या भागातल्या कुठल्याही माणसानं हेच सांगितलं असतं.

"ताई, फोटो टाकलाय बघ," बबिता म्हणाली आणि कॉल संपला.

सुकेशनी ताटं हातात घेऊन उभी होती. बोलायचं काहीतरी होतं असं तिला क्षणभर वाटलं. काय ते आठवेना. बाबांनी जा म्हटलं होतं. ती ताटं घेऊन मोरीकडं गेली.

चारला सिद्धोधन विहाराकडं गेले. परवा बुद्धपौर्णिमा झाली होती, तिचा मांडव सोडायचा राहिला होता. रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. एकतीस वर्षं फाटकावर काढलेल्या माणसाला रिकामं बसणं जमत नव्हतं. सुकेशनी सोनपेठला शाळेत शिकवायची आणि तिथंच खोली करून राहायची. आई गेल्यापासून सुटी लागली की ती पुस्तकांची पिशवी घेऊन चुडाव्याला यायची. पुस्तक उघडायचं आणि त्याच पानावर तास काढायचा, असे तिचे हे सहा महिने गेले होते. आजही तेच झालं. पाच वाजता तिनं पुस्तक मिटलं आणि बबितानं पाठवलेला फोटो पाहायला फोन घेतला.

वाळूवर पांढरी गाडी. गाडीपासून बेटाकडं जाणारे लाकडी खांब, वाट दाखवायला ओळीनं रोवलेले. पहिल्या खांबाला टेकून राजेश्री हसत उभी होती. सुकेशनीनं चेहरे नीट दिसावेत म्हणून फोटो मोठा केला आणि तिची नजर खांबावर गेली. बुडापासून खांब काळा-हिरवा होता, शेवाळानं माखलेला. शेवाळाची रेघ राजेश्रीच्या खांद्यापाशी संपत होती.

पूर्णा नदीच्या पुलाच्या खांबांवरही अशा रेघा होत्या. पण त्या पुराच्या, वाळलेल्या, वर्षानुवर्षं जुन्या. ही ओली होती.

सातवीचा भूगोल. भरती-ओहोटी. नऊ वर्षं ती हा धडा शिकवत होती. फळ्यावर पृथ्वी काढायची, चंद्र काढायची, पाण्याचा फुगवटा निळ्या खडूनं काढायची. समुद्र तिनं आयुष्यात एकदा पाहिला होता, अलिबागला, सहलीतल्या पोरांची डोकी मोजता मोजता. तरी धडा तोंडपाठ होता. उधाणाची भरती कधी येते, असं ती दरवर्षी विचारायची आणि चाळीस पोरं एका सुरात ओरडायची: अमावास्येला आणि पौर्णिमेला!

परवा पौर्णिमा झाली होती. खीर अजून डब्यात होती.

तिनं बबिताला फोन लावला. पडद्यावर 'कॉलिंग' आलं; 'रिंगिंग' आलं नाही. पुन्हा लावला. मेसेज टाकला: 'लगेच गाडीकडं परत या. पाणी परत येतं.' एक टिक उमटली आणि तेवढीच राहिली. नागेशला लावला. तेच. बबितानं प्रवासाआधी आपलं ठिकाण ताईला दिसत राहील अशी सोय करून ठेवली होती. सुकेशनीनं नकाशा उघडला. बबिताचा ठिपका निळ्या रंगात होता. जमीन सोडून पुढं, पाण्यात, बेटाला टेकायच्या जरासा अलीकडं. खाली लिहिलं होतं, सव्वातीनला शेवटचा दिसला. म्हणजे पावणेदोन तास झाले होते.

तिनं बेटाचं नाव आणि भरतीची वेळ असं शोधलं. दोनदा भलतंच पान उघडलं. शेवटी तक्ता मिळाला. ओहोटी तिथल्या पावणेबाराला, भरती सहाला. त्याखाली ठळक अक्षरांत सूचना होती: ओहोटीनंतर दोन तासांच्या आत परत या, पाणी दोन्ही बाजूंनी आणि झपाट्यानं येतं, मधल्या भागात आधी भरतं. पावणेदोन. त्यात साडेचार मिळवले की सव्वासहा.

भिंतीवर पाच वाजून बारा मिनिटं झाली होती.

"सुके, अगं ये की जरा," दारातून धुरपताबाईंचा आवाज आला. शेजारच्या या बाई आईच्या, सरजाबाईंच्या, मैत्रीण. हाक मारायच्या आणि उत्तर यायच्या आत घरात असायच्या. "कुरडया वाळल्यात, माळवदावरून खाली घ्यायच्यात. माझ्या गुडघ्याला जिना चढू देईना झालाय."

"थोड्या वेळानं येते, मावशी."

"थोड्या वेळानं चिमण्या घेतील की. काय करायलीस एवढं? बबीसंग बोलायलीस का? तिला म्हणावं, आता पुरे कर तुझं आयर्लंड-फायर्लंड. आई गेलेल्या पोरीनं एवढं हिंडावं का? अशानं नजर लागती."

"मावशी, जा ना आता."

हे ती अगदी हळू म्हणाली. धुरपताबाईंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि दाराची चौकट धरून तिथंच खाली बसल्या.

राजेश्रीचा नंबर सुकेशनीकडं नव्हता. नांदेडला तिच्या आईला विचारता आलं असतं. पण त्या बाईला काय सांगायचं? आणि त्या बेटावर नागेशचा फोन लागत नव्हता, बबिताचा लागत नव्हता, तर तिचा तरी कसा लागणार? नांदेडात एक आई भिंतीला पाठ लावून बसेल, एवढंच होईल.

नकाशात बेटासमोरच्या किनाऱ्यावर एक गाव होतं. गावात एक दुकान, दुकानाचा नंबर. परदेशी फोन लावायला मोबाइलवर वेगळं पॅक मारावं लागतं. ते मारण्यात सात मिनिटं गेली. एकदा नेटवर्क गेलं, एकदा पिन चुकला. पाच पंचवीसला पलीकडं घंटी वाजली.

"हॅलो," एक बाई म्हणाली आणि पुढं जे म्हणाली त्यातलं सुकेशनीला काही कळलं नाही. सुकेशनीनं इंग्रजी पुस्तकं पुष्कळ वाचली होती. पण हे इंग्रजी आत ओढून घेतलेलं, गाण्यासारखं, शब्दाला शब्द चिकटलेलं होतं.

"मॅडम, मी भारतातून बोलते आहे," ती इंग्रजीत घाईघाईनं म्हणाली. "कृपा करून ऐका, माझी बहीण, तिचा मोबाइल—"

"नको ग बाई, काही नको आम्हाला," असं काहीसं, सवयीच्या सुरात बाई म्हणाली आणि फोन ठेवला.

सुकेशनी फोनकडं बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. भारतातून बोलणारा अनोळखी आवाज, घाई, मोबाइल. तिला स्वतःलाही असे फोन यायचे. तीसुद्धा असेच ठेवायची.

"कुणाला लावलाय फोन?"

सिद्धोधन दारात उभे होते. खांद्यावर मांडवाच्या दोरीचं वेटोळं, बनियन घामानं चिकटलेलं. धुरपताबाईंनी त्यांना वाट दिली नव्हती, म्हणून ते बाहेरच थबकले होते.

"कुणाला न्हाई, बाबा."

"सुके."

नोव्हेंबरातल्या त्या रात्री सरजाबाईंच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा सिद्धोधन म्हणाले होते, "गॅस झालाय. ओवा खा अन् पड. सकाळी पूर्णेला डाक्टरला दाखवू." सकाळपर्यंत सगळं उरकलं होतं. त्या वाक्याबद्दल सहा महिन्यांत घरात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. सुकेशनीनं नाही, बबितानं नाही. आणि आज त्याच माणसानं म्हटलं होतं, जा बिनधास्त. सुकेशनीला बहिणीच्या जिवाची भीती वाटत होती, त्या भीतीच्या आत ही दुसरी भीती होती: बबिताला काही झालं तर हा माणूस उरणार नाही. तो याच घरात हिंडेल, चहा घेईल, आणि उरणार नाही.

पण घड्याळात साडेपाच झाले होते. लपवायलाही वेळ लागतो.

"बाबा, समुद्राचं पाणी आटत नसतं," ती म्हणाली. "ते दिवसातून दोनदा मागं जातं अन् दोनदा परत येतं. पावसाचा संबंध न्हाई. पौर्णिमेला जास्त येतं. सव्वासहानंतर त्या वाळूवर डोक्याएवढं पाणी असंल. पोरं बेटावर हायत अन् फोन लागत न्हाई."

धुरपताबाईंनी तोंडाला पदर लावला. सिद्धोधनांनी दोरीचं वेटोळं खांद्यावरून काढलं आणि अगदी सावकाश, जपून, भुईवर ठेवलं. ते रडतील, ओरडतील, मटकन बसतील, अशा सगळ्याची सुकेशनीनं तयारी केली होती. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

"पंचेचाळीस मिन्टं," ते म्हणाले. "कुणाला लावला होतास?"

"तिथल्या दुकानात. बाईला वाटलं, फसवणुकीचा फोन हाय. ठेवून दिला."

"काय म्हणालीस तिला?"

तिनं सांगितलं.

"असं न्हाई." त्यांचा आवाज बदलला होता. हा आवाज सुकेशनीनं लहानपणी डबा घेऊन फाटकावर जायची तेव्हा ऐकला होता, स्टेशनमास्तरशी बोलतानाचा. "आपण कोण, ते पहिलं सांगायचं न्हाई. पहिली जागा सांगायची. मग काय धोका हाय ते. मग किती माणसं. अन् मग गप बसायचं. तिनं ते समदं उलट म्हणून दाखवलं पायजे. ती म्हणत न्हाई तवर फोन सोडायचा न्हाई. आमी मास्तरचा निरोप उलट म्हणून दाखवायचो, तो खुणेचा आकडा द्यायचा, आमी आकडा द्यायचो, ते दोघंबी वहीत लिहायचो. तवा कुठं फाटकाला हात लावायचा. लाव."

"बाबा, ती ठेवून देईल—"

"लाव तू."

घंटी वाजली. सिद्धोधन तिच्यासमोर उभे राहिले. हात हवेत सपाट धरून खाली-खाली करत होते: हळू, हळू.

"हॅलो?"

सुकेशनीनं आधी बेटाचं नाव घेतलं. मग एकेक शब्द सुटा सुटा करत, सातवीच्या वर्गात बोलावं तसं ती बोलली. "वाळूवर पांढरी गाडी आहे. तीन विद्यार्थी बेटावर आहेत. दोन मुली, एक मुलगा. त्यांना भरती माहीत नाही." आणि गप्प बसली.

पलीकडं कुठंतरी रेडिओ चालू होता.

"आता मी काय म्हणाले, ते मला परत सांगाल का?" सुकेशनी म्हणाली.

मग ती बाई बोलली. या वेळी तिनंही शब्द सुटे केले. "पांढरी गाडी. वाळूवर. तीन विद्यार्थी." मग तिचा आवाजच फिरला. "देवा रे, पौर्णिमेच्या पाण्यात!" तिनं फोन बाजूला करून कुणाला तरी हाक मारली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तुझा नंबर दिसतोय मला. मी फोन करते. तू आता ठेव. फोन मोकळा ठेव."

पावणेसहा वाजत आले होते.

फोन सुकेशनीनं चार्जरला लावला आणि तिघं त्याच्याकडं बघत बसली. सहा वाजले. सव्वासहा झाले. बाहेर शेळ्या घरी परतत होत्या. कुणीतरी नळ आला म्हणून ओरडत गेलं. एरवी नळाच्या हाकेला सगळ्यांत आधी उठणाऱ्या धुरपताबाई जागच्या हलल्या नाहीत.

सुकेशनीच्या डोळ्यांसमोर पुस्तकातली आकृती यायला लागली. निळ्या खडूचा फुगवटा. तो कसा वाटोळा, सुबक असतो. आणि मधल्या भागात आधी भरतं, हे तिनं आज पहिल्यांदा वाचलं होतं. पुस्तकात तसं काही नव्हतं. म्हणजे माणूस वाळूवर उभा असतो, पुढं कोरडं, मागं कोरडं. त्याला वाटतं, वेळ आहे.

"मीच झेंडी दाखवली," सिद्धोधन म्हणाले.

ते फोनकडंच बघत होते.

"एकतीस वर्षं. मास्तरचा आकडा मिळाल्याबिगर एकदाबी फाटक उघडलं न्हाई. आमदाराच्या गाड्या खोळंबल्या, लोकांनी शिव्या घातल्या, एकानं चप्पल फेकली. उघडलं न्हाई. तिथं माझ्या एकट्याच्या म्हणण्यावर एक बैलगाडी सुदिक जात नव्हती." त्यांनी पायाशी पडलेली दोरी बाजूला सारली. "अन् घरात समदं माझ्या एकट्याच्या म्हणण्यावर. सरजाबी. मी म्हणलो गॅस, तर तिनं गॅसच म्हणलं. घाम फुटला होता तिला. ओवा चावीत मला म्हणती, आता बरं वाटायलंय."

धुरपताबाई पदराआड रडायला लागल्या. सुकेशनीला रडू आलं नाही. हे वाक्य सहा महिने तिच्या उशाशी होतं. बाबांच्या तोंडून ते ऐकण्याची तिला इतकी भीती होती, की सोनपेठच्या खोलीत तिनं कितीदा हा प्रसंग मनात घडवून पाहिला होता. त्या प्रत्येक वेळी तिच्याजवळ एखादं उत्तर असायचं.

"बाबा, मी तिथंच उभी होते दुपारी," ती म्हणाली. "नऊ वर्षं शिकवतेय मी ते. तुमी जा म्हणालात अन् मी ताटं घेऊन गेले."

सिद्धोधनांनी तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, दिलासाही नव्हता.

साडेसहा. पावणेसात. नकाशावरचा ठिपका तिथंच होता. सुकेशनीनं नंतर नकाशा बंदच केला. ठिपका आता हललेला दिसला असता तरी तो कशानं हलला, हे कळलं नसतं.

सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. परदेशी नंबर. सुकेशनीनं उचलला.

"ताई?" बबिता होती. "ताई, मी बोलतेय. आमी बाहेर हाव. तिघंबी."

सुकेशनीनं फोन स्पीकरवर टाकला आणि खाली ठेवला.

बबिता न थांबता बोलत होती. चर्च बघून, डबा खाऊन ते निघाले तेव्हा वाळूवर नुसती ओल दिसत होती. अर्ध्यात आले आणि बघता बघता घोट्याला पाणी लागलं. समोरून एक म्हातारा ट्रॅक्टर घेऊन येत होता, हात हलवत, ओरडत. त्यांना वाटलं, गाडी लावली म्हणून रागावलाय. त्यानं दोघींना ट्रॅक्टरवर ओढून घेतलं. नागेश मात्र गाडीकडं पळाला. गाडीची चाकं रुतली होती. म्हातारा पाण्यात उतरला, कंबरेएवढं पाणी, आणि त्यानं नागेशला कॉलर धरून गाडीतून बाहेर खेचलं.

"आता गाडीचं नुसतं टप दिसतंय, ताई. आमी दुकानात हाव. त्या मावशींनी घोंगड्या दिल्या. चहा लय गोड दिला. नागेश बोलतच न्हाई, नुसता खिडकीतून बघायलाय."

"लागलं का कुणाला?" सिद्धोधनांनी विचारलं.

"न्हाई बाबा. राजेश्रीचा पाय कापलाय जरा. बाबा, तो म्हातारा म्हणाला, अजून दहा मिन्टं झाली असती तर ट्रॅक्टर घातला नसता."

धुरपताबाई उठल्या. "साखर आणते," असं म्हणून त्या गेल्या. साखर या घरातही होती.

बाहेर दिवे लागले होते. पलीकडून कपबशीचा आवाज, त्या बाईचं अगम्य बोलणं, मग बबिताचं नाक ओढणं ऐकू आलं. तिचा आवाज आता खाली आला होता, अगदी नेहमीसारखा.

"बाबा, या मावशी म्हणतात, आज इथंच राहा. राजेश्री म्हणती, बस धरून आत्ताच लिमरिकला परत जाऊ. नागेश तर काहीच म्हणत न्हाई. काय करू? राहू का जाऊ?"

सिद्धोधन फोनजवळ सरकले. सुकेशनीला ठाऊक होतं, उत्तर येईल. घसा खाकरून ते सांगतील आणि त्या उत्तरावर बबिता उठेल, तोंड धुईल, झोपेल किंवा निघेल. तिला स्वतःलाही ते उत्तर हवं होतं, कुठलंही.

"मला तिथलं काय ठाव न्हाई, बबी," सिद्धोधन म्हणाले.

"तरी पण, बाबा. तुमाला काय वाटतं?"

"मला ठाव न्हाई म्हणतोय ना. पाणी ठाव न्हाई, बस ठाव न्हाई, माणसं ठाव न्हाईत. त्या बाईला इचार. तुझं तू बघ, बाळा."

कॉल तुटला की काय म्हणून सुकेशनीनं पडद्याकडं पाहिलं. सेकंद पुढं सरकत होते. आणि मग बबिता, जी त्या चढत्या पाण्यात रडली नव्हती, नोव्हेंबरात फोनवरसुद्धा ओठ दाबून राहिली होती, ती मोठ्यानं रडायला लागली. लहान मूल जत्रेत हात सुटल्यावर रडतं तशी.

गप राहा, असं सिद्धोधन म्हणाले नाहीत. त्यांनी फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि कानाला लावून ऐकत बसले.